गजू, आपला वाद अर्धाच राहिला

गजू, तुझं तोंड बघायला आम्हाला शिरपूरचा वेल्डिंगवाला बोलवावा लागला.

नागपूरच्या विमानतळावरून समृद्धी महामार्गानं तुला आणलं. वरची पेटी लाकडाची होती, तिला पितळी कड्या. ती उघडली तर आत पत्र्याची दुसरी पेटी, चारी बाजूंनी झाळून बंद केलेली. अंगणात सगळं गाव उभं. गाडीवाला म्हणाला, "आतली पेटी उघडत नसतात जी. तशीच नेतात." माय ओट्यावर बसली होती. तिथून तिला नुसती पेटी दिसत होती. ती म्हणाली, "माह्यं लेकरू कुठी हाय त्याच्यात?" तेवढं ऐकलं आणि तुझ्या दादांनी एकाला मोटरसायकल घेऊन शिरपूरला धाडलं.

तो माणूस आला. चपला काढून त्यानं हात जोडले आणि मग खाली बसून कातरीनं पत्रा कापू लागला. त्या आवाजाबद्दल मी तुला काही सांगणार नाही.

पत्रा मागं वळवला तेव्हा तू सुटात होतास. निळा कोट, पांढरा सदरा, टाय. गाल थोडे रंगवल्यासारखे. तुला आम्ही सुटात कधी पाहिलंच नव्हतं. लग्न केलं असतंस तर पाहिलं असतं. मायनं बराच वेळ तुझ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "याचा गया कायले आवयला त्याईनं?" म्हणाली आणि टायला हात घातला. तिला गाठ सुटेना. मलाही टायची गाठ कुठं माहीत. दोघींनी मिळून ती ओढून ओढून सैल केली, वरचं बटण काढलं. तेव्हा कुठं तू आमचा गजू दिसलास.

तेरवी झाली. पाहुणे गेले. मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला. आता घरात माय, दादा, मी आणि आमची लेक स्नेहल. माणसं भेटायला येतात आणि विचारतात, तुमचे दीर तिकडं नॉर्वेत काय करत होते? मी सांगते, बोगदे. त्यांना वाटतं मी चुकून बोलले. परदेशातला माणूस म्हटला की त्यांना कंप्युटर हवा असतो. मग मी पुन्हा सांगते, समुद्राच्या खालून रस्ता नेतात, त्याचा खडक तपासायचं काम होतं त्याचं. ते मान हलवतात आणि चहा पितात. तू असतास तर मला चिमटा काढला असतास की वैनी, अर्धंच सांगितलं.

मी या घरात आले तेव्हा तू सहावीत होतास. मायनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, दिराला नावानं हाक मारायची नाही, भाऊजी म्हणायचं, अहो-जाहो करायचं. मी तुला म्हटलं, "भाऊजी, तुमी जेवता का?" तू मागं वळून पाहिलंस, ही कोणाशी बोलून राह्यली म्हणून. मग इतका हसलास की ठसका लागला. तेव्हापासून आपलं ठरलं. चारचौघांत भाऊजी, चुलीपाशी गजू. आज इथं चारचौघं नाहीत.

आपली विहीर खोल करायचं काम निघालं त्या उन्हाळ्यात तू शाळेतून थेट वावरात जायचास. सुरुंगानं फुटलेले दगड दप्तरात भरून घरी आणायचास आणि माझ्या पाट्या-वरवंट्याशेजारी मांडून ठेवायचास. हा काळा, हा भोकांचा, हा हिरवट. मी ओरडायचे. तू म्हणायचास, "वैनी, हे एकावर एक थर हायेत. कोनीतरी बसून वाचले पाह्यजे." मला वाटायचं, पोरगं दोन दिवसांत विसरेल. तू नागपूरला जाऊन तेच शिकलास.

आणि माझं शिकणं. वाशीमला डी.एड.ला माझा नंबर लागला तेव्हा माय म्हणाली, "सून शाळेत जाईन तं चूल कोन पेटवीन?" दादा मान खाली घालून जेवत राहिले. तू अकरावीत होतास. ताटावरूनच म्हणालास, "भाकरी मी टाकतो. वैनी जाईन." मायला वाटलं, पोराची थट्टा आहे. दुसऱ्या सकाळी तू खरंच परातीपुढं बसलास. तुझ्या भाकरी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला कागदासारख्या. दादांनी मुकाट खाल्ल्या. गावातली तुझ्या वयाची पोरं दारावरून जाताना चिडवायची, तू पिठाचे हात दाखवायचास. मी आज जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी राहून शिकवते ती त्या भाकरींमुळं. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, भाकरी नीट गोल करायला अजून शिकलो नाही.

गावाला वाटतं, तू पैशासाठी गेलास. मायलाही तेच वाटतं. खरं काय ते तू मला एकटीला सांगितलं होतंस, आणि आता मी ते दादांना सांगितलं आहे. राग धरू नको. तुझ्या माघारी तुझ्याबद्दल कोणी खोटं समजून बसलेलं मला चालत नाही.

तू डोंगरात कुठल्याशा वीजप्रकल्पाच्या बोगद्यावर होतास. पहिली नोकरी. एक दिवस न कळवता घरी आलास आणि गोठ्यात जाऊन बसलास. मी गुरांना वैरण टाकायला आले तेव्हा बोललास. खडकातून येणारं पाणी आधी स्वच्छ होतं, मग गढूळ यायला लागलं. गढूळ म्हणजे आतली माती सरकून राह्यली. तू साहेबाला सांगितलंस, काम थांबवा. साहेब म्हणाला, तू नवा आहेस. तू पुन्हा सांगितलंस. त्यानं तुला तंबूत जाऊन चहा प्यायला सांगितलं. त्या दिवशी बोगद्यात माणसं दबली.

"त्यातल्या एकाचं नाव मले मालूम होतं," एवढं म्हणालास आणि गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलास. मी वैरण टाकायची विसरले.

त्यानंतर तू तिकडचे अर्ज करायला लागलास. नॉर्वेला पोचल्यावर काही महिन्यांनी फोनवर मला म्हणालास, "वैनी, इथं मी थांबा म्हणलं का काम थांबते." तुझा आवाज इतका हलका मी त्याआधी ऐकला नव्हता. मी कोणाला काही बोलले नाही, पण त्या दिवशी शाळेतून येताना मला बरं वाटत होतं.

मायचे आणि तुझे व्हिडिओवरचे फोन. ती फोनचा पडदा कानाला लावायची आणि तू तिचा कान बघत बोलायचास. एकदा तिनं विचारलं, "समुद्राच्या खालून रस्ता नेता, मंग पानी गयत नाही का वरून?"

"गयते ना माय. त्याच्याचसाठी मले ठेवलं. आमी खडकाले आधी सिमेंटचं इंजेक्शन देतो, मंग फोडतो."

"दुखत असंन त्याले," माय म्हणाली. तू हसला नाहीस. म्हणालास, "असंन."

आणि दुसऱ्या एका दिवशी ती म्हणाली, "तांड्यावरचे लोकं ऊसतोडीले जातात, पावसाच्या आधी वापस येतात. तू कोनत्या कारखान्यावर गेला बाप्पा, जिथचा ऊस सरतच नाही?" त्यावर तू काय बोललास ते मला आठवत नाही.

तू यायचास. दिवाळीला कधी जमलं नाही, पण यायचास. आल्याबरोबर माझ्यासाठी चहा करायचास, मग दादांसोबत वावरात जायचास आणि विहिरीत वाकून बघायचास. पोरींची स्थळं यायची, तू ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "ती तिथं येऊन काय करीन, वैनी? मी दिवसभर जमिनीच्या आत असतो." आपल्या वाशीमकडच्या मालेगावच्या बाजारात माणसं दादांना अडवून विचारायची, भावाचं काही जमलं का? दादा म्हणायचे, जमते. मग विचारणारे थकले.

मागच्या हिवाळ्यात आलास तो शेवटचा. तेव्हाच आपलं भांडण झालं. स्नेहल अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात अतिदक्षता विभागात नर्स होती आणि सुट्टीच्या दिवशी जर्मन शिकत होती. तिला जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरी मिळवायची होती. मला वाटलं तू खूश होशील. आपण दुपारी वावरात तुरीच्या शेंगा तोडत होतो. तू म्हणालास, "तिले पाठवू नका."

मी म्हटलं, "काहून? तू गेला ते चाललं?"

"माही गोष्ट वेगयी होती."

"काय वेगयी? पोरगी डॉक्टरले सांगते, तुमचा औषधाचा डोस चुकला, तं तो सगळ्यांपुढं तिच्यावर ओरडते. आन् मंग हळूच येऊन डोस बदलते. तुले पहाडात झालं तेच तिले अकोल्यात होऊन राह्यलं."

"मले समजते ते. कामाचं तिथं सगळं ऐकतात, वैनी. घरी आलं का मंग कोनी बोलत नाही."

"फोन असते ना."

तेव्हा तू शेंगा तोडायच्या थांबलास. माय पडली होती त्या दिवसाचं सांगितलंस. ती तुझ्याशी फोनवर बोलता बोलता उठायला गेली आणि पाय घसरून पडली. आम्हाला एवढंच माहीत होतं की शेजारच्या मंदाबाईनं तिला उचललं. तुझ्याकडचं आम्हाला माहीत नव्हतं. फोन तिच्या हातातून सुटून उताणा पडला होता आणि तुला आपल्या घराचे पत्रे दिसत होते. पत्रे आणि पंखा. तिचं कण्हणं ऐकू येत होतं. तू ओरडत होतास, माय, हलू नको, वैनी, दादा, कोनी हाय का. आम्ही वावरात होतो. तू म्हणालास, "मले वाटे, फोन ठेवून दुसऱ्याले लावावा. पन ठेवला असता तं तिचा आवाज गेला असता." किती वेळ तू तसा पत्रे पाहत बसला होतास कोण जाणे. "या घरातून एक गेला तेवढं पुरे. तुमाले एकच पोरगी हाय. उद्या तुमी पडल्या तं?"

"मी पडली तं उठीन."

"दादा पडला तं?"

मी म्हटलं, "एवढं वाटते तं आधी तू वापस ये. मंग आमच्या पोरीले थांबव."

"वापस येऊन कोनत्या बोगद्यात जाऊ?" तू विचारलंस. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं. मग आपण दोघंही शेंगा तोडत राहिलो. घरी येऊन मी त्या शेंगा सोलून सोल्यांची भाजी केली, तू दोनदा वाढून घेतलीस. निघताना गाडीत बसलास आणि काच खाली करून म्हणालास, "पुढच्या खेपेले बोलू याच्यावर. मी सोडनार नाही." मी म्हटलं, "मीबी नाही."

तू रविवारी गेलास. हृदय बंद पडलं म्हणतात. सोमवारी तू कामावर दिसला नाहीस तेव्हा तुझ्या बोगद्यावरची मुख्य इंजिनिअर, इंग्रिड, तुझ्या घरी गेली. ती म्हणाली, तू कधी उशिरा येत नव्हतास, म्हणून तिला लगेच कळलं. कागदपत्रं तिनंच केली. तुला एकट्याला विमानात घालून पाठवणं तिला बरं वाटलं नाही, म्हणून ती तुझ्यासोबत आली. उंच, पांढऱ्या केसांची बाई. पत्रा कापला तेव्हा ती मायच्या मागं उभी होती. टाय सोडवताना ती स्नेहलला इंग्रजीत म्हणाली, माफ करा, आम्हाला माहीत नव्हतं त्याला काय घालायचं, आम्हाला वाटलं चांगले कपडे घालावेत. स्नेहलनं मायला सांगितलं. माय म्हणाली, "तिले म्हना, कपडे चांगले हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंग्रिड आपल्या ओट्यावर बसली होती. ती तुला गायानन म्हणत होती. त्यांच्याकडं ज-ला य म्हणतात म्हणे. स्नेहल मधे बसून सांगत होती. मी विचारलं, तो थांबा म्हणायचा तेव्हा तुम्ही खरंच थांबायचे?

ती म्हणाली, हो. पुष्कळदा थांबवायचा आम्हाला.

आणि प्रत्येक वेळी आत काही निघायचं?

तिनं विचार केला. म्हणाली, नाही. बहुतेक वेळा काहीच निघायचं नाही. माणसं कुरकुर करायची, कॉफी प्यायची. मग आम्ही पुन्हा सुरू करायचो.

गजू, मला इतकी वर्षं वाटायचं की तू तिकडं दरवेळी बरोबर ठरत होतास, म्हणून तुझं ऐकायचे. तू चुकतही होतास आणि तरी ते पुढच्या वेळी थांबायचे. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी तिथंच पदर डोळ्याला लावला. इंग्रिडला वाटलं, तिनं काही चुकीचं सांगितलं. स्नेहलनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आदल्या दिवशी तुला वावरातच अग्नी दिला. इंग्रिड शेवटपर्यंत थांबली, मग विहिरीकडं गेली; तू तिला या विहिरीचं सांगितलं असणार. वाकून आत पाहिलं आणि दादांना खुणेनं विचारलं, हीच का? दादांनी मान हलवली. दोघं बराच वेळ तिथं उभे होते. एकमेकांची भाषा येत नसलेली दोन माणसं, एकाच विहिरीत बघत.

ती गेल्यावर स्नेहलनं मला जे सांगितलं ते ऐकून मला तुझा राग आला, आणि तू समोर नसताना तुझा राग येण्याइतकं वाईट काही नाही. भांडण करून तू परत गेलास आणि पुढच्याच रविवारपासून तिला फोन करायला लागलास. थंडीत आतून काय घालायचं, भाड्याचं घर बघताना काय विचारायचं, मुलाखतीत माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, ते त्याचे मार्क कापत नाहीत. दर रविवारी. आणि दर रविवारी शेवटी म्हणायचास, "अजून विच्यार कर बरं." तिनं विचारलं, आईला सांगू का? तर म्हणालास, "नको. वैनीले वाटीन ती जिंकली."

म्हणजे तुझं मत बदललं होतं की नव्हतं? स्नेहललाही सांगता येत नाही. ती म्हणते, काका दोन्ही बोलायचे. मी तिला खोदून खोदून विचारते, शेवटच्या रविवारी काय म्हणाले? ती म्हणते, शेवटच्या रविवारी फोन आला नाही, आई.

तिची नोकरी पक्की झाली आहे. व्हिसा आला आहे. तुला नेलं त्या दिवसापासून ती त्याचं नाव काढत नाही. सकाळी मायचं अंग पुसून देते, तिच्या गोळ्या काढून देते, दुपारी तिच्याशेजारी पडून राहते. दादा मला म्हणतात, "तुमी दोघी ठरवा." एवढंच. इंग्रिडसोबत विहिरीपाशी उभे राहून आल्यापासून ते आणखीच कमी बोलतात. परवा मालेगावला गेले होते तर तिथं एका दुकानावर पाटी लागली आहे, नर्सेससाठी जर्मन भाषा. ते येऊन म्हणाले, "आता इथंच शिकवून राह्यले." चांगलं म्हणाले की वाईट, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

मायनं मात्र काल स्नेहलला विचारलं, "तिथं तुले काही झालं तं घरी कोन आनीन?" आमच्या घरात कोणी जे तोंडावर आणत नव्हतं ते तिनं पाण्याचा गिलास मागावा तसं विचारलं.

"आजी, मी दवाखान्यातच तं राहीन," स्नेहल म्हणाली.

माय म्हणाली, "तोही खडकातच राहे." मग कुशीवर वळली.

आज दुपारी स्नेहल माझ्यापाशी आली. मी शेगडीपाशी बसले होते, मायच्या पेजेला तांदूळ निवडत. ती समोर बसली आणि माझ्याबरोबर निवडू लागली. मूठभर तांदूळ निवडून झाल्यावर म्हणाली, "आई, खरं सांग. जाऊ का मी?"

माझ्याकडं सगळं तयार होतं, गजू. हिवाळ्यापासून मी ते मनात मांडून ठेवलं होतं. तू काय म्हणशील आणि त्यावर मी काय म्हणेन, सगळं. तू मायचं काढशील, मग मी अकोल्याचं काढीन. तू दादांचं काढशील, तेव्हा मी म्हणेन की माणसानं पडायच्या भीतीनं पोरीला धरून ठेवायचं नसतं. तू त्यावरही काहीतरी आणशील, तुझ्याकडं असायचंच. तुला हरवूनच मी तिला पाठवणार होते. तसं पाठवलं असतं तर मला भीती वाटली नसती. तुझं सगळं ऐकून घेऊन, त्यातलं एकेक खोडून पाठवलं असतं.

तिनं पुन्हा विचारलं, "आई?"

मी म्हटलं, "जाय."

म्हटलं आणि सवयीनं थांबले, तू मधेच बोलशील म्हणून. स्नेहलही थांबली. आतल्या खोलीत माय जागी होती, तिची खाट करकरल्याचा आवाज आला. मी पेजेचं पाणी चढवलं.